स्थळं ढगात ठेवणाऱ्या खैरनारबाई

आमच्या वधूवर केंद्राचा पहिला कॉम्प्युटर मी मारला. हळदकुंकू वाहून, फुलं घालून, निरांजन ओवाळून मारला. त्याचं खापर फुटलं खैरनारबाईंच्या डोक्यावर, आणि मी ते फुटू दिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुठे शहाणपणा करायला लागले तर वाचणाऱ्यांनी मला जागेवर बसवावं.

हल्ली नात फोन पुढे धरून मला समजावते, "आजी, फोटो फोनमध्ये नसतात गं, क्लाउडवर असतात." मी तोंड वासून ऐकते. नातवंडांना अडाणी आजी आवडते, आणि अडाणी आजीला चहा बसल्या जागी मिळतो. मनात मात्र म्हणते, बाळे, तू पाळण्यात होतीस तेव्हा आम्ही पंचवटीतून अडीचशे स्थळं ढगात पाठवली होती. ती पाठवणारी बाई साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायची, आणि ढगाला ढग म्हटलेलं तिला खपायचं नाही.

खैरनारबाई मूळच्या सटाण्याकडच्या. तीस वर्षं बसच्या आरक्षण खिडकीमागे बसून निवृत्त झाल्या, पण खिडकी काही त्यांना सोडून गेली नाही. समोरच्याशी बोलताना त्या मान जराशी वाकवायच्या, मधे काच आहे आणि काचेला बोलण्यापुरतं भोक आहे अशा. काम संपलं की म्हणायच्या, "पुढचे!" मुलीचे वडील तासभर आपली व्यथा सांगून डोळे पुसत उठले, तरी "पुढचे!" एकदा त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, तर मला वाण देऊन त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "पुढचे!" मागे त्यांचे यजमान होते. ते निमूटपणे पुढे आले.

थंडीत माकडटोपी घालून त्या स्कूटरवरून यायच्या, इतक्या सावकाश की रामकुंडाकडे पायी निघालेले यात्रेकरू त्यांना मागे टाकायचे. पिशवीत स्टीलचा एक चपटा डबा. त्यात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. आणि जिभेवर एक प्रश्न, जो त्या देवळातही विचारतील असं मला वाटायचं: "चावी कोणाकडे?"

आमच्या केंद्रापुरतं उत्तर सोपं होतं. चावी माझ्याकडे. मी तेव्हा पंचावन्न वर्षांची, केंद्राची चिटणीस. पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत आमचं एक टेबल, सहा खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. कपाटात स्थळांचे अर्ज, फोटो, पत्रिका. त्याची चावी माझ्या कमरेला. आख्ख्या पंचवटीची लग्नं माझ्या कमरेला लटकतात असा माझा समज होता, आणि त्या समजानं मी जरा तिरकीच चालायची. खरं म्हणजे कपाटाचं कुलूप मोडकंच होतं, नुसत्या हिसड्यानं उघडायचं. हे मला आणि कपाटालाच माहीत होतं.

मग कुणीतरी देणगी म्हणून कॉम्प्युटर दिला. खैरनारबाई रोज संध्याकाळी येऊन एकेक अर्ज त्यात भरू लागल्या, आणि मला शिकवू लागल्या. त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. त्या मागे उभ्या राहायच्या आणि दोन्ही हात पाठीशी बांधायच्या. "हात माझे पाठीला. माऊस तुझा." मी चुकले, गोंधळले, एका मुलाची उंची चोवीस फूट केली, तरी हात पुढे यायचा नाही. "बाई, तुम्हीच करा ना!" असं मी रडकुंडीला येऊन म्हणायची. "मी केलं तर मला येईल. मला येतंच. पुढचे!"

सहा महिन्यांत सगळे अर्ज आत गेले. आणि मी, चिटणीस म्हणून, कागदी अर्ज रद्दीत घातले. बाईंना विचारलंसुद्धा नाही. दिवाळीच्या आत कपाट स्वच्छ झालं याचाच मला केवढा आनंद!

आली खंडेनवमी. अवजारांच्या पूजेचा दिवस. घरी मी विळी, पाटा, शिलाई मशीन, यजमानांचा स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांची पूजा केली आणि मग केंद्रात गेले. आता आमचं अवजार कोणतं? कॉम्प्युटर! त्याच्या खोक्याचं एका बाजूचं झाकण उन्हाळ्यात तापतो म्हणून काढून ठेवलेलं, ते तसंच. मला वाटलं, वा, देवाचा गाभारा उघडाच आहे. यंत्र चालू ठेवलं. झोपलेल्या देवाची का कुणी पूजा करतं? फुलानं पाणी शिंपडलं. आत. हळदकुंकू वाहिलं. आत. अक्षता? त्या तर मूठभर. आतून बारीक 'चट्' असा आवाज आला, पडदा काळा झाला आणि गरम इस्त्रीखाली नायलॉन आल्यासारखा वास सुटला. मी हात जोडलेलेच होते. ते तसेच ठेवले.

मग मी काय केलं? फुलं उचलली, दिसलं तेवढं कुंकू पदरानं पुसलं, झाकण लावलं आणि घरी जाऊन श्रीखंड खाल्लं.

दसऱ्यानंतर दुकानदारानं निकाल दिला: डिस्क गेली, आतलं काही निघणार नाही. कमिटीची बैठक बसली. आमचे अध्यक्ष नानासाहेब, सायखेड्याचे निवृत्त हेडमास्तर. शेवटचा हात कोणाचा, असं त्यांनी दरडावून विचारलं. खैरनारबाई म्हणाल्या, "अष्टमीच्या संध्याकाळी मी तीन अर्ज भरले." झालं! नानासाहेबांनी मला लिहायला सांगितलं आणि मी, चिटणीस, माझ्या वळणदार अक्षरात इतिवृत्तात लिहिलं: 'श्रीमती खैरनार यांच्या सदोष हाताळणीमुळे संगणक बंद पडला.' लिहून झाल्यावर मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर भिंत होती.

बाईंनी पिशवीतून डबा काढला, उघडला, शेंगदाण्यांत बोटं घालून एका छोट्या प्लास्टिकच्या पुडीतला पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. "श्रावणापर्यंतची सगळी स्थळं यात आहेत. मी दर दोन-तीन महिन्यांनी उतरवून घेते."

मला वाटलं, सुटले. पण नानासाहेब उभे राहिले. "म्हणजे शंभरावर मुलींचे फोटो, जन्मतारखा, पत्ते... तुमच्या शेंगदाण्याच्या डब्यात? कोणाच्या परवानगीनं?"

बाईंनी केंद्र वाचवलं होतं, आणि चोरीही त्यांच्याच अंगावर आली. बाई एरवी शुद्ध शहरी बोलायच्या, पण रागावल्या की सटाणा आतून वर यायचा. "डोकं कथा शे तुमनं?" त्या म्हणाल्या, आणि डोकं कुठे आहे ते नानासाहेबांनी खरोखर चाचपून पाहिलं. मग श्वास घेऊन, काचेच्या भोकातून बोलल्यासारख्या बाई म्हणाल्या, "पण प्रश्न बरोबर आहे, नानासाहेब. माझ्या डब्यात नको. हिच्या कपाटातही नको, त्याचं कुलूप हिसड्यानं उघडतं." (म्हणजे हेही त्यांना माहीत होतं!) "क्लाउडवर ठेवू."

"म्हणजे ढगात?" नानासाहेबांनी छताकडे बघितलं.

"चला," बाई म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांना शेजारच्या भांड्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. कार्यालयाची भांडी तिथे असतात. छतापर्यंत परातींची चळत, पातेली, हंडे, ताटं, वाट्या. बाई दारात उभ्या राहिल्या.

"लग्न तुमच्या घरचं. ताटं कोणाची? कार्यालयाची. पन्नास पाहुणे आले, पन्नास ताटं काढा. ऐनवेळी तीनशे आले, तीनशे काढा. काम झालं, परत. वापरली तेवढ्याचं भाडं. घासणं, कल्हई, चेपलेलं सरळ करणं, ते त्यांच्याकडे. एका लग्नासाठी तीनशे ताटं विकत घेऊन कोणी माळ्यावर टाकतं का? क्लाउड म्हणजे एवढंच. कुठेतरी लांब, थंड केलेल्या मोठमोठ्या खोल्यांत दुसऱ्याची मशीनं. आपण इथून इंटरनेटनं जायचं, पाहिजे तेवढी जागा, पाहिजे तेवढा वेळ वापरायची. ढगबिग काही नसतं वर. सगळं जमिनीवरच."

"पण ताटं वेगळी आणि पोरींची माहिती वेगळी," नानासाहेब म्हणाले. "आपलं ते आपल्या घरात असावं."

"तुमच्या घराण्याची वंशावळ कोणाकडे?"

"आमच्या क्षेत्रोपाध्यायांकडे. त्यांच्या वहीत."

"सायखेड्याला तुमच्या घरी का नाही?"

"घरचं सगळं दोनदा पुरात भिजलं. त्यांच्या वह्या माडीवर असतात."

"आणि तुमच्या पणजोबांचं नाव ते वाटेल त्याला वाचून दाखवतात?"

"छे! गाव, आडनाव, कूळ सांगावं लागतं."

"मग पिढ्यान्‌पिढ्या तुमचं दुसऱ्याच्या माडीवरच आहे, नानासाहेब. पुढचे!"

नानासाहेब हरले, पण हेडमास्तर असल्यामुळे त्यांनी ते 'तत्त्वतः मान्य' असं लिहायला लावलं. मला वाटलं, आता बाई उद्या एक बटण दाबतील आणि झालं. कसलं काय! बाई म्हणाल्या, "मुलगी द्यायची तर आधी घर बघतो ना आपण? मग हेही स्थळच आहे. चौकशी करायची." आणि चार दिवस त्यांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या माणसांना फोनवरून असं छळलं की एकाही वरपित्याला आम्ही तसं छळलं नसेल. मशीनं कुठल्या गावी ठेवता? तुमच्यातलं कोण आमचे फोटो बघू शकतं? बंद पडलं तर किती तासांत उठतं? आणि शेवटचा प्रश्न प्रत्येकाला: "नाही पटलं तर आमचं सामान आम्हाला जसंच्या तसं परत मिळणार का?" एका पोरानं हसून विचारलं, "मॅडम, अजून सुरू नाही केलं, आणि सोडायचं विचारता?" बाई म्हणाल्या, "बाळा, माहेरचा दरवाजा उघडा आहे ना, ते लेकीला सासरी धाडायच्या आधी बघायचं असतं."

स्थळ ठरलं, दुसरा कॉम्प्युटर आला. मग आली सफाई. "घाण सामान क्लाउडवर नेलं तर क्लाउडही घाण होतो," म्हणून प्रत्येक स्थळाची उलटतपासणी सुरू झाली. एक मुलगा आमच्याकडे सात वर्षं एकोणतीसचाच होता. वणीच्या एका स्थळाला फोन लावला, तर मागून लहान मूल रडायचा आवाज. बाईंनी विचारलं, "कोणाचं?" तो म्हणाला, "माझंच, दुसरं." "अहो, मग नाव काढायला सांगायचं!" तर म्हणतो, "राहू द्या ना, मॅडम. आईला अजून मुलींचे फोटो बघायला आवडतात." अडीचशेवर स्थळांतून नव्वद नावं गळली. त्यात माझा सख्खा भाचा होता. मीच त्याची उंची दोन इंच वाढवून ठेवली होती. बाईंनी त्याला बोलावलं, भिंतीला उभा केला, मोजला आणि "पुढचे!" केला.

उरली ती श्रावणानंतरची स्थळं. ती ना पेनड्राइव्हवर, ना कागदावर. रद्दीचा पराक्रम माझाच, तो मात्र सगळ्यांना माहीत होता. बाईंनी मला खुर्चीत बसवलं, हात पाठीला बांधले. "सांग." आणि मी सांगत गेले. मुलीचं नाव, शिक्षण, नाडी, गण, मामाचं गाव, नाक कसं, वडील काय म्हणाले, चहा प्यायले की नाही. ऐंशी स्थळं माझ्या डोक्यातून जशीच्या तशी निघाली. चुकलं एक, तेही गोत्र. त्या दिवसांत बाई मला अधूनमधून दोन शेंगदाणे द्यायच्या. दुसऱ्या कुणाला देताना मी त्यांना बघितलं नव्हतं. मी ते मुठीत धरून बसायची, तोंडात टाकायची नाही.

मग कोणी काय बघायचं ते ठरलं. मुलींच्या वडिलांना मुलं, मुलांच्या वडिलांना मुली. पत्ता आणि फोन दोघांची संमती आल्याशिवाय कोणालाच नाही. नानासाहेब म्हणाले, अध्यक्षाला सगळं दिसलं पाहिजे. "का? तुम्हाला करायचंय?" बाईंनी विचारलं. तरी नानासाहेबांनी पासवर्ड घेतला आणि विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, संकष्टीच्या चौकोनात, लाल पेननं लिहून ठेवला. दोन दिवस तो सगळ्या पंचवटीनं वाचला. तेव्हापासून प्रत्येकाला ज्याची त्याची चावी, आणि एक चावी हरवली तर दुसरी फोनवर. माझ्या कमरेची चावी मी एका संध्याकाळी गुपचूप काढून पर्समध्ये टाकली. चाल सरळ झाली.

सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मांडववाल्यानं झेंडूची तोरणं बांधता बांधता आमची इंटरनेटची तार कापली आणि ढग गेला. नानासाहेब खुश. बाईंनी फोनवरून नेट जोडून दाखवलं, मग प्रत्येकाकडून ते करून घेतलं, हात पाठीला बांधून. "वाट एकच ठेवली तर नदीला पूर आल्यावर अलीकडेच बसाल." शिवाय महिन्याच्या महिन्याला एक प्रत उतरवून नवीन, खऱ्या कुलपाच्या पेटीत. डब्यात नाही. नानासाहेबांच्या समाधानासाठी.

जुन्या वह्यांतली इतिवृत्तंही टाइप होऊन वर गेली. माझं ते वाक्यही गेलं. मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, वर गेलेलं काही खोडता येतं का हो?"

"येतं की. पण कोणी खोडलं, कधी खोडलं, आधी काय होतं, सगळं दिसतं. नावानिशी." आणि त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

पुढच्या खंडेनवमीला माझी पंचाईत झाली. पूजा कशाची करायची? अवजार तर लांबच्या थंड खोलीत. शेवटी भिंतीवरच्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या इंटरनेटच्या डबीलाच मी अवजार ठरवलं. ताम्हन घेऊन उभी राहिले, फूल उचललं. मागे बाई कधी आल्या कळलंच नाही. हात पाठीला.

"फूल ठेव," त्या म्हणाल्या. "अक्षता नकोत."

मी ताम्हन खाली ठेवलं. मी वळून बघितलं तर त्या खुर्चीत बसून माकडटोपी घडी करत होत्या, अगदी शांत. मला तेव्हाच बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी काय म्हणाले, तर, "बाई, यंदा झेंडू महाग आहे नाही?"

असं आणखी दोन वर्षं चाललं. मग बाईंनी सटाण्याला परत जायचं ठरवलं. यजमानांना नाशिकची धूळ सोसेना. निरोपाचा समारंभ ठेवला. शाल, नारळ, साठेक माणसं, त्यांत आम्ही जुळवलेली बारा जोडपी. नानासाहेब भाषणाला उठले. माणूस मनानं चांगला, पण भाषणात विनोद केलाच पाहिजे असा त्यांचा नियम. "आमच्या खैरनारबाईंनी," ते म्हणाले, "आधी मशीन मोडलं आणि मग ढग आणला!"

सगळे हसले. बाईही हसल्या, शालीत. त्या सटाण्याला जाणार आणि इथे त्यांच्या नावावर हेच वाक्य राहणार, माझ्या अक्षरातलं. मी उभी राहिले.

"मशीन मी मोडलं," मी म्हणाले. "पूजा करून."

मी सगळं सांगितलं. पाणी, कुंकू, पदर, श्रीखंड. श्रीखंडावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं कार्यालयच हसलं. नानासाहेब तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "शैलाताई, हे इतिवृत्तात दुरुस्त झालं पाहिजे. आत्ता."

कॉम्प्युटर तिथेच होता. मी ते जुनं पान उघडलं. बाण त्या ओळीवर नेला आणि माऊस सोडून दिला. "बाई," मी म्हणाले, "तुम्ही करा ना."

त्या उठल्या, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर शाल, आणि शालीखाली दोन्ही हात पाठीला.

"माऊस तुझा."

मी त्यांचं नाव काढलं. माझं घातलं. 'सदोष हाताळणीमुळे' हे तसंच राहू दिलं, ते खरंच होतं. खाली लगेच बारीक अक्षरांत उमटलं: कोणी बदललं, कधी बदललं. साठ माणसांदेखत.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हणाले.

"दुकानात खोकं मीच उघडलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू केंद्र सोडून घरी बसली असतीस. ऐंशी स्थळं कोणाच्या डोक्यात होती? मशीन दुसरं मिळतं गं." मग म्हणाल्या, "आणि तू कधी बोलतेस ते मला बघायचं होतं. लय वेळ लावलास."

त्यांनी पिशवीतून डबा काढला. शेंगदाणे बाजूला सारून तळातून एक कागदाची पुडी उलगडली. आत तांदळाचा एकच दाणा, हळदकुंकवानं नारिंगी झालेला, एका टोकाला जरासा करपलेला. त्यांनी तो चिमटीत धरला आणि माझ्या डोक्यावर टाकला.

"अक्षता इथे टाकायच्या असतात," त्या म्हणाल्या.

मग माकडटोपी चढवून, नारळ पिशवीत टाकून त्या दारापर्यंत गेल्या. जोडपी नमस्कार करायला रांगेत उभी होती, पहिली मुलगी पाया पडून उठते न उठते तोच आवाज आला, "पुढचे!" रांग संपल्यावर स्कूटर सुरू झाली. मी फाटकापाशी उभी राहून बघत राहिले. बराच वेळ बघता आलं. त्या तशा सावकाशच जायच्या. डोकं हलवायची मात्र मला भीती वाटत होती, केसांत कुठेतरी तो दाणा होता.